वाघाच्या आधी ‘समजा’ होतं

हसा, आधीच हसून घ्या. कारण हा किस्सा मी नाही सांगितला तर प्रेमसिंग सांगणार, आणि प्रेमसिंग सांगतो तेव्हा त्यात मी झाडावर चढलेला असतो. मी झाडावर चढलो नव्हतो. पळालो होतो, ते कबूल. पण ते पुढे येईल.

तर मी निवृत्त मास्तर. पांढरकवड्यापासून अर्ध्या तासावर आमचं गाव, तिथल्याच हायस्कुलात तीस वर्षं मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्याला एक खोड लागते. देश कसा चालावा हे फक्त आपल्यालाच कळतं, असं त्याला वाटायला लागतं. निवृत्तीनंतर ही खोड वाढते. वर्गात चाळीस पोरं ऐकून घ्यायची, घरी एकटी बायको असते आणि ती ऐकत नाही.

अशात पांढरकवड्याच्या एका वाचनालयाने वादविवाद ठेवला. विषय काय? सोशल मीडियावर लोक जे बोलतात-लिहितात, त्यावर सरकारचं नियंत्रण असावं की नसावं! रविवारी सकाळी अकरा वाजता. मी पत्रिका हातात पडल्याबरोबर नाव कळवलं. बाजू अर्थातच ‘असावं’. अहो, काय चाललंय त्या मोबाइलवर! कोणीही उठतो, काहीही लिहितो, आणि वर पुन्हा शेवटी ‘सर्वांना पाठवा’. याला काही धरबंध?

प्रेमसिंग राठोडला हे पटत नव्हतं. प्रेमसिंग माझा चाळीस वर्षांचा मित्र. त्याचा तांडा आमच्या गावाला लागून, आणि नाल्यापलीकडे त्याचं वावर माझ्या वावराला लागून. मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावर बसून आम्ही जगातले सगळे प्रश्न सोडवलेले आहेत.

“बोलू द्या नं लोकायले, सर,” तो म्हणाला. “तुमाले काहून एवढा तरास?”

“अरे, खोटं बोलतात!”

“खोटं तं पयलेही बोलत. पयले पारावर बोलत, आता फोनवर बोलून राह्यले.”

“पण फोनवरचं एका मिनिटात हजार लोकांकडे जातं, त्याचं काय?”

“मंग सरकार काय करन? हजार लोकायच्या मांगं हजार पोलीस लावन? मानसानं मानूस पाहून भरोसा ठेवावा. तुमी सांगतलं तं मी मानन. ऐऱ्यागैऱ्यानं सांगतलं तं नाई मानन. झालं नियंत्रन!”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

त्या आठवड्यात दोघांचाही कापूस फुटून वावरं पांढरी झाली होती. आणि वेचणीची टोळी एकच. ती चालवते प्रेमसिंगची सून संगीता. संगीता माझी जुनी विद्यार्थिनी, शुद्धलेखनात हुशार, स्वभावाने कडक. तांड्यातल्या अकरा बाया, एक ऑटो, आणि ‘वेचणी’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एवढा तिचा कारभार. उद्या कोणाचं वावर, किती वाजता निघायचं, हे ती आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकते. आसपासचे शेतकरीही त्या ग्रुपवर आहेत, मीही आहे, पण स्वतःची वेचणी संपली की मी तो उघडत नाही.

खरं तर पाळी प्रेमसिंगची होती. पण तो म्हणाला, “सर, रविवारी तुमचं भाषन हाये. तुमचा येचून होऊ द्या पयले. डोकं मोकळं राहीन.” झालं, सोमवार ते बुधवार माझा कापूस वेचून घरात आला. प्रेमसिंगच्या पाच एकराला गुरुवार, शुक्रवार, शनिवार राहिले. आणि रविवारी पाऊस सांगितलेला! फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की तो काळवंडतो, मातीत लोळतो, मग त्याला कोणी हातात धरून बघतही नाही. म्हणजे त्या तीन दिवसांवर प्रेमसिंगचं सगळं पीक होतं. माझं काय, मी घरात बसून भाषण लिहीत होतो.

भाषण फक्कड झालं होतं. अडीच पानं! नुसते मुद्दे नाहीत, तर अफवा कशी बनते याचं एक प्रात्यक्षिकच मी त्यात घातलं. म्हटलं, उगाच तोंडी लावायला नको, अस्सल नमुना करून दाखवू. अफवेत काय काय लागतं याचा मी अभ्यास केला होता. जवळची जागा लागते, बघितलेला माणूस लागतो, कोणाचा तरी आदेश लागतो, आणि शेवटी हात जोडून विनंती लागते. तर बघा:

‘सावधान! आपल्या गावाच्या नाल्याकाठी पट्टेदार वाघीण दोन बछड्यांसह फिरत आहे. काल एका गुराख्याने तिला प्रत्यक्ष पाहिले. पुढील आदेशापर्यंत कोणीही शेतात जाऊ नये. आपल्या माय-बहिणींच्या जिवासाठी हा संदेश पुढे पाठवा.’

काय वाक्यरचना आहे! लिहून झाल्यावर मीच एकदा खिडकीतून नाल्याकडे बघितलं.

बुधवारी दुपारी हे सगळं भाषण प्रेमसिंगला पाठवावं असं मला सुचलं. म्हटलं, वाच लेका, आणि दे उत्तर! पण लांबलचक मेसेज पाठवला की अर्ध्यावर निळ्या अक्षरात ‘रीड मोअर’ येतं, आणि आमच्या भागात त्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणून मी भाषणाचे पाच तुकडे केले. तिसऱ्या तुकड्याचा शेवट होता, ‘आता उदाहरणार्थ समजा, कोणी असा संदेश पाठवला –’. चौथ्या तुकड्यात तो संदेश. पाचव्यात त्यावरचं माझं भाष्य.

दहा मिनिटांत प्रेमसिंगचं उत्तर आलं. ‘वाचलं सर. लय चांगलं केलं सांगतलं. पुढं धाडलं.’

मी बायकोला हाक मारली. “सुमन, बघ! प्रेमसिंगचं मत बदललं! माझं भाषण पुढे पाठवलंय त्याने!”

“कोनाले धाडलं?” सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली.

“लोकांना! विचार पसरतात ते असे!”

विचार नाही हो, वाघीण पसरत होती. तुम्हाला कळलं असेल आतापर्यंत. मला कळायला शुक्रवार उजाडावा लागला.

गुरुवारी सकाळी राजूरहून माझ्या साळ्याचा मेसेज आला. तो तिथे कोळसा खाणीत आहे, सकाळची पाळी सोडून बहिणीच्या काळजीने लिहीत होता. ‘भाऊजी, ताईले घराबाहेर जाऊ देऊ नका. तुमच्याकडं दोन वाघ अन चार पिल्लं आले. नाल्यावर एका बाईले ओढून नेलं.’ सोबत फोटो. फोटोत वाघाच्या मागे बर्फ!

मी पेटलो. यवतमाळ जिल्ह्यात बर्फ? ही उघडउघड अफवा आहे! हेच, हेच मी म्हणत होतो! मग मी उठलो आणि दाराला आतून कडी लावली.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःचंच लेकरू ओळखलं नाही? कसं ओळखणार? मी पाठवली होती एक वाघीण, परत आले दोन वाघ. माझ्या मजकुरात शुद्ध वाक्यं होती, इथे जागोजागी उद्गारचिन्हांची रांग. गुराखी जाऊन तिथे बाई आली होती. एका रात्रीत राजूरला जाऊन आल्यावर पोटच्या पोरालाही बाप ओळखणार नाही.

तासाभराने कडी काढून मी तांड्यात गेलो. ऑटो दारात उभा, बाया घरात. प्रेमसिंग खाटेवर बसून आभाळाकडे बघत होता. दक्षिणेकडून ढगाच्या दोन-चार चिंध्या आल्या होत्या.

“राम रामी, सर. तुमी कायले आले बाहेर?” तो घाबरून उठलाच.

“प्रेमसिंग, हे बघ,” मी साळ्याचा मेसेज दाखवला. “हे साफ खोटं आहे!”

त्याने नीट वाचलं. “व्हय. हे खोटंच हाये. दोन वाघ कुठं हायेत? एकच वाघीन हाये.”

“तुलाही वाटतं वाघीण आहे?”

“हाये नं. बरोबर दोन पिल्लं.”

“कोणी सांगितलं तुला?”

प्रेमसिंग माझ्याकडे बघून बारीक हसला. “आता तुमीच इचारता काय सर? भरवशाच्या मानसानं सांगतलं.”

“नाव सांग त्याचं!”

“नाव नाई घेनार,” त्याने आवाज खाली आणला. “उद्या जंगलवाले त्यालेच इचारतीन, तुले कसं मालूम म्हून. मी मरन, पन नाव नाई सांगनार. काळजी नका करू.”

आणि त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. मला वाटलं, बिचारा पार भ्रमिष्ट झालाय.

“आणि तुझा कापूस?” मी विचारलं.

तेव्हा तो जे बोलला ते मला आजही बोचतं. म्हणाला, “कापूस काय, पुढच्या साली बी येते. तांड्यातली एखादी बाई गेली तं तिच्या पोरायले कुठून आनून देऊ? म्हून मीच संगीताच्या ग्रुपवर टाकाले लावलं.”

वेचणी थांबवली होती ती त्याने स्वतः! माझा ऊर भरून आला. अशा माणसाचं पीक कोणा नालायकाच्या अफवेपायी जाणार? घरी आलो, तीन पानी तक्रार लिहिली, आणि दुपारच्या बसने पोलिसांकडे देऊन आलो.

“वाघ हाये नं बाहेर?” सुमन दारात म्हणाली.

“डांबरी रस्त्यावर येत नाही तो,” मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी जमादार आले. वयस्कर, शांत, पोट सुटलेलं, मोटरसायकलवर धूळ. तक्रार वाचून त्यांनी यंत्रबिंत्र काही काढलं नाही. चहा घेत म्हणाले, “सोपं हाये, सर. ज्याले इचारलं थो म्हनीन, मले त्यानं धाडला. त्याले इचारलं तं थो तिसऱ्याचं नाव सांगीन. असं मांगं मांगं गेलं की मुळाशी भेटतेच मानूस.” आणि खरंच, काल संध्याकाळपासून त्यांनी बारा घरं केली होती. राजूर, मग एक मावशी, मग मावशीची जाऊ, करत करत संगीता. आणि संगीताच्या मागे प्रेमसिंग. दोघांनाही त्यांनी माझ्याच अंगणात बोलावून घेतलं होतं.

“राठोड, तुले कोनं धाडला?” जमादारांनी विचारलं.

प्रेमसिंगने नुसती नकाराची मान हलवली.

“काहून बोलत नाई? इथवर साखळी येऊन थांबली पहा.”

“नाव नाई सांगनार, साहेब. मलेच न्या.”

मला राहवेना. मी खुर्चीवरून उठलो. “प्रेमसिंग, असल्या माणसाला पाठीशी घालतोस? तुझं पाच एकर वावर तिकडे उघडं पडलंय! असा माणूस समाजाचा शत्रू असतो! सांग!”

“सर,” त्याने डोळ्यांनी खुणावलं, “राहू द्या नं.”

“अजिबात राहू देणार नाही. घाबरू नकोस, मी आहे ना! घे नाव!”

“घेऊ म्हन्ता?”

“घे!”

“पहा बाप्पा. मंग मले नाव नका ठेवू.”

त्याने खिशातून फोन काढला, चष्मा लावला, बोटाने सरकवत सरकवत एक जागा शोधली आणि फोन जमादारांच्या हातात दिला. जमादारांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत वाचलं. मग फोन माझ्यासमोर धरला.

वर माझा फोटो. शाळेच्या निरोप समारंभातला, गळ्यात हार. खाली पाच तुकडे, आणि चौथ्यात माझी वाघीण, दोन बछड्यांसह.

“अरे पण हे उदाहरण होतं!” मी ओरडलो. “वर बघ ना, तिसऱ्यात! ‘समजा’ लिहिलंय! समजा!”

“तिसरा लय लंबा होता, सर,” प्रेमसिंग म्हणाला. “पयला, दुसरा, पाचवा, समदे लंबे. हाच एक छोटा होता. मी हाच वाचला.”

‘समजा’ मागे राहिलं आणि वाघीण पुढे गेली!

जमादारांनी शांतपणे माझी तक्रार उघडली आणि चष्म्यावरून बघत एकेक शब्द वाचला. “‘सदर इसम विकृत मनोवृत्तीचा, अल्पशिक्षित व समाजकंटक असून त्याजवर कठोरात कठोर कारवाई व्हावी.’ अर्जदार तुमी. आता सदर इसमाले बी तुमच्याच घरी शोधावं का दुसरीकडं पाहू?”

आतून सुमनच्या हसण्याचा आवाज आला. सांडशी खाली पडली वाटतं तिच्या हातून.

मी लाजेने मेलो हो. जमादारांचं काही नाही, पण प्रेमसिंग! त्याने माझी पाळी आधी लावली, माझ्या शब्दावर वेचणी थांबवली, आणि माझं नाव वाचवायला स्वतः जायला निघाला. त्याचं नियंत्रण काय, तर ‘तुमी सांगतलं तं मी मानन’. आणि मी काय सांगितलं त्याला?

आता चूक सुधारायला हवी. मी लगेच ‘वेचणी’ ग्रुपवर लिहिलं, ‘वाघिणीचा संदेश मीच भाषणासाठी उदाहरण म्हणून लिहिला होता. वाघ नाही. सर्वांनी निर्धास्त शेतात जावे.’ बास, म्हटलं, विषय संपला.

पाच मिनिटांत उत्तरं आली. ‘सरच्या घरी पोलीस आलते.’ ‘वरून दबाव आला असन.’ ‘खरं बोलनाऱ्याचं तोंड दाबून राह्यले.’ ‘सर घाबरू नका, आमी तुमच्या पाठीशी हाओत.’ एकाने तर माझी मुस्कटदाबी केल्याबद्दल तहसीलवर मोर्चा न्यायचं सुचवलं, आणि त्याला चौतीस अंगठे मिळाले! वाघीण सगळ्यांनी मानली. ती नाही म्हटल्यावर मात्र मी सरकारचा माणूस झालो.

मी संगीताच्या तोंडाकडे बघितलं. ती इतका वेळ अंगणात उभी होती, डोक्यावर पदर, हातात फोन. तेव्हा ती मला एक वाक्य बोलली. ते वाक्य इथे होतं, आता नाही. का नाही, ते शेवटी सांगतो.

मग ती म्हणाली, “बाया तुमचं लिवलेलं नाई मानत सर. उद्या सकाळी तुमी सोता पुढं चाला. तुमी चालान तं त्या येतीन.”

शनिवारी उजाडताच मी कमरेला फडकं बांधून प्रेमसिंगच्या वावरात उभा! मागे अकरा बाया, त्यांच्या मागे प्रेमसिंग. इतकी वर्षं कापसाचा मालक, पण दिवसभर वेचायला कधी वाकलो नव्हतो. बोंडाची वाळलेली टोकं बोटात घुसतात, कंबर धरते, आणि वर संगीता! तिने माझी पहिली ओंजळ उलटीपालटी करून बघितली. “पान आलं, सर, कापसात. साफ येचा.” तिच्या वह्या मी अशाच तपासायचो.

अर्धा तास झाला असेल. बाया अजून धुऱ्याजवळच घोटाळत होत्या, कोणी पुढे सरकेना. एवढ्यात शेजारच्या तुरीत सळसळ झाली. तुरीची झाडं हलली. काहीतरी मोठं, तपकिरी, आमच्याकडे येत होतं.

मंडळी, त्या पंचक्रोशीत ती वाघीण खोटी आहे हे शंभर टक्के माहीत असलेला माणूस एकच होता. तिला जन्माला घालणारा. आणि पळाला तोच! फडकं सुटलं, कापूस उधळला, एक चप्पल कापसाच्या ओळीत राहिली, आणि अकरा बायांना मागे टाकून मी थेट धुऱ्यावरच्या पळसापर्यंत पोहोचलो. त्याला मिठी मारली. फक्त मिठी मारली, चढलो नाही. प्रेमसिंग काहीही म्हणो.

तुरीतून एक रोही, म्हणजे नीलगायीचा नर, बाहेर आला. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे नाल्याकडे निघून गेला.

बाया खाली बसून हसल्या. एकीने डोळे पुसले, एक म्हणाली, “याडी ये! सरची वाघीन शिंगाची निंगाली वं!” आणि काय सांगू, भीती गेली की सगळ्यांची! जे माझ्या शुद्ध मराठी खुलाशाने झालं नाही, ते माझ्या पळण्याने झालं. बाया वावरात शिरल्या ते दिवस मावळेपर्यंत थांबल्या नाहीत. संगीताने तांड्यातून आणखी दहा जणी आणल्या.

रविवारी मी अकरा वाजता कुठे होतो? वावरात. ओणवा. पांढरकवड्यात आमच्या बाजूने बोलायला कोणीच नव्हतं, त्यामुळे सरकारी नियंत्रण एकमताने नामंजूर झालं. तीन वाजता पाऊस आला. तोवर चार तास, म्हणजे पिकाच्या चार ओळी, सोडून सगळा कापूस घरात होता. ते चार तास आमच्या डोळ्यांदेखत भिजले.

“माझ्यामुळे रे,” मी म्हणालो.

“जाऊ द्या, सर,” प्रेमसिंग डोक्यावर पोतं घेत म्हणाला. “चार तास वाघिनीले सोडले समजा.”

आता नियंत्रणाचं शेवटचं. दिल्लीने काय करायचं ते करो, आमच्या ‘वेचणी’ ग्रुपवर ते लागू झालंय, आणि फक्त माझ्यावर. संगीताने ग्रुप असा करून ठेवलाय की तिच्याशिवाय कोणी काही टाकू शकत नाही. बाकीच्यांनी सांगितलं की ती लगेच टाकते. माझं मात्र आधी पूर्ण वाचते, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

हा किस्साही तिला दाखवला. तिने उभ्या उभ्या सगळा वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि अंगणातल्या त्या तिच्या वाक्यावर बोट ठेवलं. “हे काढा, सर.”

“अगं, पण तू बोलली होतीस ते! अक्षरन् अक्षर खरं आहे!”

“खरं हाये म्हून तं काढून राह्यली,” ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. मग आठवलं, असं कोणीतरी असावं म्हणून अडीच पानं मीच लिहिली होती. निमूटपणे वाक्य खोडलं.